हॅकर एक, शिक्षा सगळ्यांना नको

जळगावचा एक कॉलेजमधला मुलगा नुकताच माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग बांधायच्या खेळाचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायचं सामाईक मशीन, चालवायला लागलाय. त्याने डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मला विचारलं, "ताई, हॅकर घुसला की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?" मी लिहिलं, "कालचा बॅकअप नीट झालाय का ते बघते." उत्तरादाखल त्याची नुसती प्रश्नचिन्हं आली. चॅटमध्ये एवढं सगळं मावेना, म्हणून इथे लिहिते. सर्व्हर चालवणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

आमचा सर्व्हर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाला. साताऱ्यात माझा भाचा आणि त्याच्या वर्गातली पोरं घरात अडकून पडली होती, आणि मी दिवसभर घरून बँकेच्या आयटी विभागाचं काम करत होते. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटं मशीन भाड्याने घेतलं आणि त्यावर 'पेपर' टाकला. माइनक्राफ्ट जावा एडिशनसाठी बहुतेक छोटे सर्व्हर हेच सॉफ्टवेअर वापरतात. भाचा मला मावशी म्हणतो, म्हणून सगळा सर्व्हर मला मावशी म्हणतो. मस्कतहून रात्री खेळायला येणारा एक इंजिनिअर आहे, वयाने माझ्या बरोबरीचा, तोही मावशीच म्हणतो. पोरांनी मिळून अजिंक्यतारा बांधलाय, खाली एसटी स्टँड बांधलाय, कासचा तलाव खणलाय. यातलं काहीही मी बांधलेलं नाही. माझं काम एवढंच की हे सगळं सकाळी उठल्यावर जागेवर असलं पाहिजे आणि संध्याकाळी पोरांना त्यात शिरता आलं पाहिजे.

चीटर पकडणं हा या कामाचा एक भाग आहे, सगळं काम नव्हे. एखाद्याला पकडण्यासाठी मी जे काही करीन त्याची झळ सरळ खेळणाऱ्या पोरांना किती बसेल, हा हिशेब मी प्रत्येक वेळी आधी करते. खाली जे जे सांगतेय ते या हिशेबातून आलंय.

आता बॅकअप, म्हणजे मोडलेलं परत आणण्याची सोय, आधी का. अजिंक्यताऱ्यावरचं मंगळाईचं देऊळ आठवीतल्या एका मुलीने एकटीने बांधलं होतं. एक नवा खेळाडू आला, सगळ्यांशी गोड बोलला, कुठे काय आहे ते पाहून घेतलं, आणि एका संध्याकाळी किल्ल्याच्या दरवाज्याला आणि देवळाला टीएनटी, म्हणजे खेळातली स्फोटकं, लावली. चॅटमध्ये एकच गलका. सगळ्यांचं म्हणणं, मावशी, त्याला आत्ता बॅन करा. मी आधी त्याला बाहेर काढलं, म्हणजे नवीन नुकसान थांबलं, आणि मग देवळाकडे गेले. आमच्याकडे 'कोअरप्रोटेक्ट' नावाचं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, आहे. ते प्रत्येक ठोकळा कोणी ठेवला, कोणी फोडला, कधी, याची नोंद ठेवतं आणि हव्या त्या वेळेपर्यंत तेवढाच भाग मागे नेता येतो. पहिलं देऊळ परत आणलं, मग दरवाजा, मग तटबंदी. ती मुलगी तिथेच उभी राहून एकेक भिंत परत येताना बघत होती. बॅनचा निर्णय त्यानंतर, शांतपणे.

शांतपणे म्हणण्याला कारण आहे. टीएनटी फुटली की उद्ध्वस्त झालेल्या ठोकळ्यांची नोंद त्या प्लगइनमध्ये टीएनटीच्याच नावावर पडते, माणसाच्या नावावर नाही. ती टीएनटी तिथे कोणी ठेवली हे वेगळ्या नोंदीत शोधावं लागतं. स्फोटाच्या वेळी जवळ कोण उभं होतं यावरून निकाल दिला असता तर वाचवायला धावलेल्या दोन पोरांना शिक्षा झाली असती.

आणि बॅकअप म्हणजे त्याच मशीनवर ठेवलेली कॉपी नव्हे. मशीनच गेलं तर दोन्ही जाईल. आमचा बॅकअप रोज पहाटे दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि अधूनमधून मी तो घरच्या कॉम्प्युटरवर उघडून त्यात फिरून बघते. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. ही सवय बँकेतली.

आता चीटर. आमच्यासारख्या बांधकामाच्या सर्व्हरवर सगळ्यात जास्त चालते ती एक्स-रे, म्हणजे दगडाच्या आरपार दाखवणारी चीट. माइनक्राफ्टचा सर्व्हर खेळाडूच्या आजूबाजूचा सगळा भूभाग, अगदी दगडाच्या आत दडलेल्या हिऱ्यांसकट, त्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. त्यातलं काय दिसायला नको हे ठरवतं पोराच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. ते बदललं किंवा दगड पारदर्शक करणारा टेक्स्चर पॅक टाकला की हिरे उघडे पडतात. पेपरमध्ये यावर इलाज आहे आणि तो दोन-तीन प्रकारे लावता येतो. एका प्रकारात सर्व्हर दडलेल्या खनिजांच्या जागी साधा दगड दाखवतो. दुसऱ्यात जिकडेतिकडे खोटी खनिजं पेरतो, म्हणजे एक्स-रेवाल्याला सगळीकडेच हिरे दिसतात आणि तो भांबावतो. दुसरा प्रकार जास्त कडक आहे. मी पहिला ठेवलाय. कारण खोट्या खनिजांनी भरलेला डेटा नीट आवळून लहान करता येत नाही, जास्त पाठवावा लागतो. आमच्यातली निम्मी पोरं बाबांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळतात. रोजचा डेटा पॅक रात्री नऊला संपला की त्यांचा खेळ संपला. दोन एक्स-रेवाल्यांना त्रास व्हावा म्हणून त्यांचा अर्धा तास मी का काढून घ्यावा?

पहिल्या प्रकारात एक भोक राहतं. गुहेच्या भिंतीत उघडी असलेली खनिजं लपत नाहीत. ती उणीव मी नोंदी वाचून भरून काढते. २०२१ च्या शेवटी आलेल्या १.१८ आवृत्तीपासून खेळातल्या जगाचा तळ उणे ६४ उंचीवर गेला आणि हिरे सगळ्यात जास्त उणे ५९ च्या आसपास मिळायला लागले. प्रामाणिक खाणवाला तिथे जातो आणि सरळ बोगदा काढतो, दोन-तीन ठोकळे सोडून शेजारी दुसरा, मग तिसरा. त्याचा नकाशा शेतातल्या सऱ्यांसारखा दिसतो. एक्स-रेवाल्याचा बोगदा मध्येच वळतो, तिरका खाली उतरतो, हिऱ्याच्या गठ्ठ्याशी पोचतो आणि तिथून थेट दुसऱ्या गठ्ठ्याकडे. वाटेत कोळसा, लोखंड लागलं तरी हात लावत नाही. अशी वळणं एकदा दिसली तर मी सोडून देते, नशीब असू शकतं. वारंवार दिसली तर अदृश्य होऊन त्याच्या मागे फिरते. नोंद आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही जुळल्याशिवाय मी बॅन करत नाही.

रत्नागिरीच्या एका मुलाकडे एकदा पेटी भरून हिरे सापडले. झालं, सगळे ओरडायला लागले, हॅकर, हॅकर. आमच्याकडे एक्स-रेवाला, उडणारा, दुसऱ्याचं खातं चोरणारा, सगळे हॅकरच. तो मुलगा चॅटमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत होता, मी खोदून काढलेत, मी खोदून काढलेत. मी नोंदी काढल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगा रोज दुपारी तास न् तास सरळ बोगदे काढत बसला होता. फोडलेल्या दगडांच्या मानाने हिरे अगदी असायला हवेत तितकेच होते. कुदळीवर फॉर्च्यून होतं, त्याने एका खनिजाचे जास्त हिरे पडतात, एवढंच. मी सगळ्यांना चॅटमध्ये ते आकडे दाखवले आणि सांगितलं, हे हिरे कष्टाचे आहेत. जो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता त्याला माफी मागायला लावली.

हे मी मुद्दाम जाहीरपणे केलं. चीटर दोन दिवस खेळून निघून जातो. पण ज्याच्यावर खोटा आळ येतो आणि ज्याच्या बाजूने कोणी बोलत नाही, तो चांगला खेळणारा पोरगा कायमचा जातो. आणि त्याचं बघून बाकीची पोरं शिकतात की चांगलं खेळून उपयोग नाही.

मोठ्या खेळात याची किंमत किती जाते ते २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलंय. शांघायमधल्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया हा काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळातला आपला संघ व्हिएतनामच्या संघाविरुद्ध खेळत होता. सामना चालू असताना पंच एका खेळाडूच्या कॉम्प्युटरपाशी आले आणि 'वर्ड' असं साळसूद नाव दिलेली फाइल सापडली. ती नेम लावून देणारी चीट होती. संघ स्पर्धेतून बाद झाला, ऑप्टिक या त्याच्या मालक संस्थेने तो संघच मोडला, आणि पुढे त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. मला आजही वाईट वाटतं ते बाकीच्या चौघांचं. भारतातून ई-स्पोर्ट्सवर पोट भरण्याची संधी तेव्हा किती जणांना मिळत होती? ती त्यांच्या हातातून गेली. आमच्या पोरांना मी ही गोष्ट सांगते, आणि त्या चौघांपासून सुरुवात करते.

वेगाने पळणारे, हवेत तरंगणारे, लांबून मारणारे यांच्यासाठी अँटी-चीट प्लगइन असतात. त्यांचं काम समजून घेतलं पाहिजे. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० ठोके टाकतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी जग एक पाऊल पुढे जातं. खेळाडूचा कॉम्प्युटर त्याच चालीने "मी आता इथे आहे" असं कळवत राहतो. अँटी-चीट हिशेब करतं की एवढ्या वेळात माणूस इथून तिथे जाऊ शकतो का. आता पाटणच्या वरच्या एखाद्या वाडीतून खेळणारा मुलगा घ्या. पाऊस जोरात आला की त्याचं नेट अडखळतं. दोन सेकंद काहीच येत नाही आणि मग डेटाची सगळी पॅकेट एकदम येऊन आदळतात. सर्व्हरला वाटतं हा पोरगा उडाला. कडक सेटिंग असेल तर त्याला बाहेर फेकलं जातं, तीन वेळा झालं की आपोआप बॅन. गुन्हा काय, तर डोंगरात राहतो.

म्हणून आमच्याकडे प्लगइनला बॅन करायचा अधिकारच दिलेला नाही. संशय आला तर ते खेळाडूला आधीच्या जागी मागे ओढतं आणि मला कळवतं. खरा चीटर असेल तर मागे ओढल्यामुळे त्याचा फायदा तिथेच संपतो. नेट खराब असलेला असेल तर दोन पावलं मागे जातो आणि खेळत राहतो. नव्या ॲडमिनना मी हे आवर्जून सांगते. प्लगइन बसवल्या बसवल्या त्याने दिलेल्या शिक्षा बंद करा. आधी पंधरा दिवस नुसते इशारे वाचा. पिंग, म्हणजे नेटचा विलंब, जास्त असलेल्यांचीच नावं पुन्हा पुन्हा येत असतील तर दोष कुठे आहे ते तुम्हाला दिसेल.

तसंच आयपी बॅनचं, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर बंदी घालण्याचं. जगात आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. आपल्या मोबाईल कंपन्यांकडे गिऱ्हाईक कोट्यवधी आणि पत्ते थोडे, म्हणून हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर पडतात. त्या पत्त्यावर बंदी घातली की कराडमधला एक चीटर अडतो आणि त्याच कंपनीचं सिम असलेली कोणकोण पोरं अडतात ते कळतही नाही. ती पोरं "सर्व्हर चालत नाही" म्हणून गप्प निघून जातात. चीटर मात्र फोन फ्लाइट मोडवर टाकून काढतो आणि नवा पत्ता घेऊन परत येतो. मी हा उपाय वापरत नाही.

त्याऐवजी मी दारावर कडक आहे. सर्व्हरमध्ये 'ऑनलाइन मोड' नावाचं एक सेटिंग असतं. ते चालू असलं की आत येणाऱ्याचं खातं खरं आहे का ते तपासलं जातं, आणि प्रत्येक खात्याला कायमचा ओळख क्रमांक असतो. नाव बदललं तरी क्रमांक तोच. ते बंद असलं की जो जे नाव सांगेल ते खरं, बॅन झालेला नाव बदलून पुन्हा दारात. आपल्याकडचे पुष्कळ सर्व्हर ते बंद ठेवतात, कारण पोरांना विकतचा गेम परवडत नाही. मला ते समजतं आणि त्या पोरांबद्दल मनापासून वाईट वाटतं. तरीही मी ते चालूच ठेवलंय. एका खऱ्या खात्याची शिक्षा त्या एकाच खात्याला होते, दुसऱ्या कोणाला नाही. गेम विकत घेतलेला आहे, तो बॅनमुळे वाया जाईल, ही भीतीही पोरांना आवरते. याचा एक परिणाम म्हणजे आमच्याकडे सख्खी-चुलत भावंडं मिळून एक खातं वापरतात. त्यावर शेवटी येते.

हल्ले हा वेगळा प्रकार. एका मुलाला एक्स-रेसाठी बॅन केलं, पुरावे त्याला पाठवले. त्याने उत्तर दिलं, "सर्व्हर उडवतो, बघाच." दोन दिवसांनी शनिवारी रात्री, ऐन गर्दीच्या वेळी सगळे एकदम बाहेर फेकले गेले. डीडॉस. मशीन ठणठणीत होतं, प्रोसेसरला कामच नव्हतं. जगभरातून नको असलेला डेटा आमच्या पत्त्यावर ओतला जात होता. यात फायरवॉल का पुरत नाही ते पोरं नेहमी विचारतात. लग्नाच्या मांडवाच्या दारात उभं राहून आगंतुकांना परत पाठवता येतं, पण मांडवापर्यंतची गल्लीच माणसांनी गच्च भरली तर आमंत्रित आजीसुद्धा पोचत नाही. म्हणून गाळणी गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे डेटा सेंटरच्याही आधी लागते. आमच्या होस्टिंगवाल्यांनी त्या रात्री आमचा पत्ताच काही तासांसाठी बंद केला, शेजारच्या गिऱ्हाइकांना झळ लागू नये म्हणून. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं, पण हल्ला करणाऱ्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं. त्यानंतर मी हल्ले गाळून देणाऱ्या प्रॉक्सीमागे, म्हणजे मधल्या सर्व्हरमागे, गेले. तसं करताना सर्व्हरचा जुना पत्ता बदलायचा असतो. नाहीतर जुना पत्ता डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीच्या, जुन्या नोंदींमध्ये कुठेतरी राहतो आणि हल्लेखोर प्रॉक्सीला वळसा घालून थेट मागच्या दाराने येतात.

तो हल्ला त्याच मुलाने केला हे सगळ्यांना माहीत होतं. पुरावा कोणाकडेच नव्हता. म्हणून मी त्याचं नाव घेतलं नाही आणि डिस्कॉर्डवर दुसऱ्यांनी घेतलेलं काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात त्यानेच बढाई मारत मला स्क्रीनशॉट पाठवला. मित्राच्या भावाचं कुठल्याशा 'स्ट्रेसर' साइटवर, म्हणजे पैसे घेऊन असे हल्ले करून देणाऱ्या साइटवर, खातं होतं, तिथे आमचा पत्ता टाकून बटण दाबलं होतं. मी त्याला फोन नंबर मागितला आणि वडिलांशी बोलले. एसटीत कंडक्टर आहेत, ड्युटीवरून नुकतेच आले होते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ काय म्हणतं ते सांगितलं. कुणाच्या संगणकाची सेवा मुद्दाम बंद पाडली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धमकी म्हणून नाही सांगितलं. पोराने उद्या हेच एखाद्या बँकेवर किंवा परीक्षेच्या साइटवर केलं तर समोर मावशी नसेल, हे त्यांना कळावं म्हणून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, आम्हाला वाटायचं पोरगा नुसता खेळतोय." वार्षिक परीक्षेनंतर तो मुलगा परत आला, रिकाम्या हातांनी, शून्यातून. थोडे दिवस नीट खेळला, मग दुसऱ्या कुठल्या गेमकडे वळला.

या स्ट्रेसर साइट किती सहज मिळतात ते पालकांना माहीत नसतं. वेबस्ट्रेसर नावाची अशी एक साइट युरोपातल्या पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये बंद केली. तिचे नोंदणीकृत वापरकर्ते १ लाख ३६ हजार होते आणि दर महिन्याला १५ युरोपासून हल्ले विकत मिळत होते. ज्याला पाडायचं त्याच्या नावाने इतर सर्व्हरना प्रश्न विचारून उत्तरांचा लोंढा त्याच्यावर सोडायचा, ही यातली जुनी युक्ती, त्यासाठी स्वतःकडे फारशी ताकद लागत नाही. त्याच सुमारास ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने असल्या साइट शोधणाऱ्या तरुणांना "हे बेकायदेशीर आहे" एवढंच सांगणाऱ्या जाहिराती गुगलवर दाखवल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर मोजून पाहिलं, तर त्या काळात ब्रिटनमधल्या हल्ल्यांची वाढ थांबली होती, अमेरिकेत मात्र चालूच होती. हे वाचल्यापासून आमच्या सर्व्हरच्या नियमांत, पहिल्याच पानावर, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम साध्या मराठीत लिहिलेलं आहे. बहुतेक पोरांना खरोखरच माहीत नसतं.

आणि हा रस्ता कुठवर जातो तेही मी त्यांना सांगते, कारण तो माइनक्राफ्टमधूनच गेलाय. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले. युक्ती काय, तर कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून बघायचे. ते बनवणाऱ्या तिघा तरुणांपैकी पारस झा हा न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याची कंपनी डीडॉसपासून संरक्षण विकत होती, आणि धंदा मुख्यतः माइनक्राफ्ट सर्व्हरच्या बाजारातला होता. प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर पाडायचे, गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं. त्यांनी मिराईचा सोर्स कोड सगळ्यांसाठी मोकळा सोडला आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच कोडवर चालणाऱ्या हल्ल्याने डाइन ही डीएनएस कंपनी कोलमडली. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत अनेकांना उघडेनात. तिघांनी २०१७ च्या डिसेंबरमध्ये गुन्हा कबूल केला. पुढच्या वर्षी शिक्षा झाली ती पाच वर्षं प्रोबेशन, २,५०० तास समाजसेवा आणि १ लाख २७ हजार डॉलर भरपाई. एफबीआयला मदत केल्यामुळे तुरुंग टळला. घरच्या वायफाय कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, एवढं तरी या गोष्टीतून पोरं घरी जाऊन करतात.

आतून येणाऱ्या धोक्यांबद्दल थोडक्यात. पूर्ण ॲडमिनचे अधिकार आमच्याकडे फक्त माझ्याकडे आहेत. मोठी पोरं मदत करतात, पण त्यांना गप्प करणं आणि तात्पुरतं बाहेर काढणं एवढंच करता येतं. पंधरा वर्षांच्या पोराला बॅनचा अधिकार दिला की त्याच्यावर मित्रांचा दबाव येतो, तो त्याच्या डोक्यावर नको. प्रॉक्सीमागचा सर्व्हर थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. तो प्रॉक्सीचं सांगणं डोळे मिटून मानत असेल तर कुणीही "मी प्रॉक्सी आहे आणि हा खेळाडू ॲडमिन आहे" म्हणून आत येतो. आणि विकतचे प्लगइन फुकट मिळतात म्हणून चोरीच्या साइटवरून घेऊ नका. जून २०२३ मध्ये तर कर्सफोर्ज आणि बुक्किटसारख्या नेहमीच्या डाउनलोड साइटवरच्या काही मॉड आणि प्लगइनमध्येही व्हायरस सापडला होता.

सगळ्यात मोठी भीती मला वाटली ती १० डिसेंबर २०२१ च्या शुक्रवारी. लॉग४जे नावाच्या, जावामध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, एक दोष बाहेर आला. माइनक्राफ्टमध्ये त्यासाठी चॅटमध्ये एक ओळ टाइप करणं पुरेसं होतं. सर्व्हर ती लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहायला जायचा आणि लिहिता लिहिता हल्लेखोराच्या मशीनवरून कोड ओढून चालवायचा. बँकेतही तोच गोंधळ, रात्रभर फोन. मी सर्व्हर लगेच बंद केला. त्याच दिवशी १.१८.१ आली, पेपरचंही दुरुस्त सॉफ्टवेअर आलं, मला ते टाकायला फार वेळ लागला नाही. पण धोका सर्व्हरपुरता नव्हता. चॅट वाचणाऱ्या प्रत्येक पोराच्या कॉम्प्युटरवर तोच दोष होता. आणि त्या कॉम्प्युटरवर कुणाच्या आईच्या शाळेचे निकाल, कुणाच्या बाबांच्या दुकानाचा जीएसटी. मूळ लाँचर बंद करून उघडला की दुरुस्ती आपोआप यायची, पण कुठून कुठून घेतलेल्या बदललेल्या क्लायंटचं, म्हणजे पोरांच्या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या बदललेल्या प्रतींचं, तसं नव्हतं. म्हणून सर्व्हर तयार असूनही मी तो उघडला नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पायऱ्या लिहून टाकल्या, ज्यांना जमेना त्यांना फोन केले, आणि एकेकाने "झालं" असं कळवल्यावर त्या-त्या खात्याला आत घेतलं. पोरं चिडली. शनिवार-रविवार गेला. त्या दोन दिवसांबद्दल मला अजिबात रुखरुख नाही.

आता ते सामाईक खात्याचं, कारण ते सध्या माझ्यासमोर आहे. कोरेगावचे दोघे भाऊ, एक दहावीत, एक सहावीत, खातं एक. धाकट्याने एक्स-रे लावली, नोंदी स्वच्छ आहेत, त्याने कबूलही केलं. नियमाप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बॅन. पण खात्याला बॅन म्हणजे थोरल्यालाही बॅन, आणि कासच्या तलावाचा अर्धा काठ थोरल्याने बांधलाय. प्लगइनला भाऊ कळत नाहीत. मी त्यांच्या आईशी बोलले. त्या अंगणवाडीत काम करतात, संध्याकाळी साडेसातनंतर घरी असतात. असं ठरलंय की खातं रोज आठ ते साडेनऊ उघडं राहील, थोरला बसला की आई मला "मोठा बसलाय" असा मेसेज करतील, आणि मेसेज आला नाही तर मी खातं उघडणार नाही. एक्स-रेने काढलेले हिरे काढून घेतलेत, थोरल्याच्या पेट्यांना हात लावलेला नाही. कोणत्या पेट्या कोणाच्या, हे दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, आणि धाकट्याने एकही खोटी सांगितली नाही. सर्व्हरवरच्या काहींना ही सवलत वाटते. त्यांना मी कारण सांगितलंय, आणि अजून कोणाला विचारायचं असेल तर रविवारी सकाळी मी चॅटवर आहे.